मागे कोण आहे?

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तीतली एखादी गल्ली. दोन्ही कडांना गाड्या उभ्या, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. समोरून येणारी गाडी पार्क केलेल्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत अलगद शिरते, थांबते आणि एकदा हेडलाइट मारते. अलीकडून येणारा नुकताच पुण्याहून किंवा नाशिकहून आलेला असतो. तो चटकन ब्रेक दाबतो, कारण आयुष्यभर त्याने हेडलाइटचा एकच अर्थ लावलाय : 'मी येतोय, थांब.' समोरचा मात्र 'तू ये' म्हणून थांबलेला. दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. समोरचा पुन्हा हेडलाइट मारतो, हा ब्रेक आणखी घट्ट दाबतो. काचेवर भुरभुर पाऊस, वायपरची संथ ये-जा, मागे एक व्हॅन येऊन उभी राहिलेली. ती हॉर्न वाजवत नाही, त्यामुळे ती आलीय हेही ह्याला कळलेलं नसतं. शेवटी समोरचा हात हलवून बोलावतो आणि गाठ सुटते.

अपघात नाही, शिवीगाळ नाही. तरीही हे दृश्य मनातून जात नाही. त्यात चूक कुणाची हे ठरवता येत नाही म्हणून असेल. हायवे कोड म्हणजे ब्रिटनच्या वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक. त्याचा ११० वा नियम म्हणतो की हेडलाइट मारायचा तो फक्त 'मी इथे आहे' एवढं कळवायला, दुसऱ्या कुठल्याही निरोपासाठी नाही. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने 'थांब'ही नाही आणि 'ये'ही नाही. पण मला हेडलाइटपेक्षा ती मागची व्हॅन जास्त छळते. ती होती, आणि पुढच्याला ठाऊक नव्हती.

ब्रिटनला येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात फार हायसं वाटतं. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, गिअर डाव्या हाताला. अमेरिकेला किंवा जर्मनीला गेलेल्यांना पहिल्याच चौकात कळतं की सगळं उलटं आहे, त्यामुळे ते बिचकून, जपून चालवतात. इथे तसं होत नाही. सारखेपणामुळे माणूस बेसावध होतो आणि फरक छोट्या जागांमधून समोर येतात. इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. मारुतीवर हात बसलेला माणूस वळायला उजवी दांडी ओढतो आणि कोरड्या काचेवर वायपर करकरू लागतात. वेग मैलांत मोजतात. तीस ऐकायला किती कमी वाटतं, पण ते ताशी ४८ किलोमीटर झाले. रस्त्यावर दिव्यांचे खांब आहेत आणि वेगळी पाटी नाही, तर मर्यादा ३० मैल. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीच २० झाली. पांढऱ्या गोल पाटीवर काळी तिरकी रेघ दिसली की साध्या रस्त्यावर ६० आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७०. हे ६० डेव्हनसारख्या ग्रामीण भागातल्या उंच कुंपणांच्या, एका गाडीपुरत्या वाटेलाही लागू असतात. तिथे त्या वेगाने जाणं म्हणजे वळणापलीकडच्या ट्रॅक्टरवर आदळणं. पाटी फक्त मर्यादा सांगते, त्या वाटेला शोभेल असा वेग आपणच ठरवायचा असतो.

पण हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. खरा वेळ लागतो तो कानाला.

आपल्याकडे गाडी बरीचशी कानाने चालवली जाते. वरंधा घाटात वळणाआधी हॉर्न दिला नाही तर समोरचा एसटीवाला धरून चालतो की कुणी नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर डाव्या हाताला कोण आलं ते आरशात नव्हे, त्याच्या हॉर्नवरून कळतं. रिक्षाचा वेगळा, अ‍ॅक्टिव्हाचा वेगळा, पीएमटीचा वेगळा. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, तरी ती तीन शब्दांची पद्धत रस्त्यावर तशीच चालू राहिली. तिला मी बेशिस्त म्हणणार नाही. तो एक करार आहे. मागून येणाऱ्याने स्वतःची वर्दी द्यायची आणि पुढच्याने पुढचं बघायचं. कित्येक जुन्या गाड्यांना डावीकडचा आरसाच नसायचा. नव्यांना असतो, पण गर्दीत कुणीतरी उडवेल म्हणून मिटून ठेवलेला. कान शाबूत असले की भागायचं.

ब्रिटनमध्ये वर्दीची ती जबाबदारी पुढच्याच्या अंगावर येते. हायवे कोडच्या ११२ व्या नियमानुसार हॉर्न फक्त गाडी चालू असताना आणि फक्त आपण असल्याची सूचना द्यायला वाजवायचा. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात तो वाजवायचाच नाही, आणि उभ्या गाडीतूनही नाही. दुसऱ्या वाहनामुळे धोका उभा राहिला तर तेवढी सूट. त्यामुळे सायकलवाला तुमच्या डाव्या अंगाने येतो तो पूर्ण शांततेत. त्याने हाक द्यावी ही अपेक्षाच नाही, तो तिथे आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड बदलला तेव्हा हे आणखी स्पष्ट झालं : ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी. बाजूच्या रस्त्यात वळताना तोंडाशी कुणी पायी ओलांडायला नुसतं उभं असेल तरी त्याला आधी जाऊ द्यायचं. सायकलला मागे टाकताना ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर जागा सोडायची, वेग त्याहून जास्त असेल तर अंतरही जास्त. उभ्या गाडीचं दारसुद्धा लांबच्या हाताने उघडायचं, म्हणजे चालकाने डाव्या हाताने, जेणेकरून खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. दाराच्या कडीपर्यंत विचार करणारी ही नियमावली मला मनापासून आवडते.

आता कागदाकडे. भारतीय लायसन्सवर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बारा महिने गाडी चालवता येते. हे बारा महिने तुम्ही तिथले रहिवासी झालात त्या दिवसापासून मोजायचे. पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं त्या दिवसापासून नव्हे, आणि मधे गणपतीला घरी जाऊन आलं म्हणून मोजणी पुन्हा शून्यावरही येत नाही. आपल्या लायसन्सवर इंग्रजी असतं, त्यामुळे आंतरराष्ट्रीय परवान्याची कायद्याला गरज नसते. तरी काही भाड्याच्या गाड्यांची दुकानं तो मागतात. आरटीओत फॉर्म ४-ए भरून, १,००० रुपयांत तो मिळतो आणि वर्षभर चालतो, पण भारतातून निघण्याआधी काढलेला बरा. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांचं लायसन्स ब्रिटिश लायसन्सशी बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे पंधरा वर्षं मुंबई-गोवा रस्त्यावर चालवलेली असोत की पंधरा दिवस, परीक्षा पहिल्यापासून.

इथे गोंयकारांचा एक वेगळा घोळ होतो. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात मोठी गोव्याची वस्ती आहे आणि त्यांतल्या पुष्कळांकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. पासपोर्ट युरोपचा म्हणून लायसन्सही युरोपचं धरलं जाईल अशी समजूत सहज होते. तसं नसतं. लायसन्स कुठल्या देशाने दिलं तेवढंच बघितलं जातं. मडगावच्या आरटीओचं कार्ड हे भारतीय कार्ड, त्याला तेच बारा महिने.

ही मुदत सवलतीसारखी वाटते आणि तिथेच लोक फसतात. आठ-नऊ महिने सुखात जातात. मुलांची शाळा, शनिवारचा भाजीबाजार, एखादी लेक डिस्ट्रिक्टची सहल. मग कुणीतरी विचारतं, 'टेस्टचं काय?' आणि तेव्हा कळतं की प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा कित्येक केंद्रांवर सहा-सहा महिने लांब आहेत. म्हणून कामाला पहिल्या महिन्यातच लागायचं. आधी डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेकडून प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स : ऑनलाइन ३४ पौंड, टपालाने डी-१ फॉर्म भरून ४३ पौंड. ब्रिटनमध्ये किमान १८५ दिवस राहण्याची परवानगी हवी आणि गेल्या तीन वर्षांचे पत्ते द्यावे लागतात. भारतातलेही द्यायचे, तारखांत खंड पडू द्यायचा नाही. प्रोव्हिजनल हातात आलं म्हणून लगेच एलच्या पाट्या लावायच्या नसतात. बारा महिने संपेपर्यंत भारतीय लायसन्सच्या जोरावर एकट्याने, मोटारवेवर म्हणजे द्रुतगती महामार्गावरसुद्धा, चालवता येतं. मुदत संपली की मात्र त्याच माणसाला पाट्या लावून, शेजारी २१ वर्षांवरचा आणि तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवूनच चालवावं लागतं, आणि मोटारवेवर तर दुहेरी ब्रेकच्या गाडीत, मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबरच. त्या दिवसानंतर पूर्वीसारखं एकट्याने चालवलं तर विमाही हातचा जातो. बिनविम्याच्या गाडीला जागेवर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट, शिवाय पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. पहिली परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट जमले तर लायसन्स रद्द होऊन सगळं पुन्हा सुरू करावं लागतं, हेही लक्षात असावं.

परीक्षा दोन : आधी थिअरी, मग प्रॅक्टिकल. थिअरीची फी २३ पौंड. ५७ मिनिटांत ५० प्रश्न, ४३ बरोबर हवेत. प्रश्न कठीण नसतात, पण अंदाजाने सुटत नाहीत. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर, ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर, असल्या आकड्यांना पाठांतराशिवाय इलाज नाही. दुसरा भाग धोका ओळखण्याचा. साधारण एकेका मिनिटाच्या १४ चित्रफिती, त्यांत १५ धोके, ७५ पैकी ४४ गुण हवेत. धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं. जितकं लवकर तितके जास्त गुण, एका धोक्याला कमाल पाच. भारतात वर्षानुवर्षं चालवलेले लोक इथे अडखळतात, आणि ते त्यांना कमी दिसतं म्हणून नव्हे. त्यांना फार दिसतं. कुत्रा, चेंडू, उभी बस, कडेची आजी, सगळ्यांत धोका, म्हणून ते सतत क्लिक करत राहतात, आणि फार क्लिक किंवा ठरावीक ठेक्यातले क्लिक केले की त्या चित्रफितीला शून्य. परीक्षेला हवा असतो तो ज्यामुळे तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागेल असाच धोका. उभी गाडी हा धोका नाही. तिचं दार हलायला लागलं की झाला. हा फरक बोटांत मुरायला चांगला आठवडाभराचा सराव लागतो.

थिअरी पास झाल्याचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. त्याच्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख घेता येत नाही, म्हणून थिअरीचा निकाल हातात पडला त्याच संध्याकाळी तारीख लावावी. फी कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. आठ-दहा तास तरी शिक्षकाबरोबर घ्यावेत, अनुभव कितीही असो. काचेवर हिरवा अष्टकोनी बिल्ला असलेला शिक्षक पूर्ण मान्यताप्राप्त असतो, गुलाबी त्रिकोणी बिल्ल्याचा अजून शिकत असतो. शिक्षक नवं काही शिकवतो असं नाही. आपण जे अजाणता करतो ते तो मोठ्याने सांगतो. उतारावर न्यूट्रल टाकणं, पेट्रोल वाचावं म्हणून. सिग्नलआधी फार लवकर क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू देणं. एक हात गिअरवर ठेवून दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवणं. 'स्टॉप'च्या पाटीपाशी रस्ता रिकामा बघून सरकत्या गाडीने निघून जाणं. तिथे चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत. आणि पुढच्या गाडीला खेटून चालवणं. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं की पुण्यात त्यात रिक्षा येऊन बसते, हे शरीराला पक्कं ठाऊक असतं. इथे त्या मोकळ्या जागेत कुणी शिरत नाही, यावर शरीराचा विश्वास बसायला बराच काळ जातो.

परीक्षा सुमारे चाळीस मिनिटांची. आधी २० मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा. चष्मा लागत असेल तर तो घालूनच चालवायचं. गाडीबद्दल एक प्रश्न निघण्याआधी, दुसरा चालता चालता, जसं मागची काच गरम करून दाखवा. काही वेळ नॅव्हिगेशनच्या किंवा पाट्यांच्या आधारे स्वतःच जायचं. वाट चुकली तर गुण जात नाहीत. चुकू नये म्हणून शेवटच्या क्षणी लेन बदलली तर जातात. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात. गंभीर एक झाली तरी नापास, आणि पुढची तारीख किमान दहा कामाच्या दिवसांनंतरची. नापास होण्याच्या कारणांत वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर असतं ते जंक्शनवर नीट न बघणं, आणि त्याच्या पाठोपाठ दिशा बदलताना आरसे नीट न वापरणं.

पुन्हा आरसाच.

आपल्याकडून आलेला अनुभवी चालक परीक्षेनंतर हमखास म्हणतो, 'अहो, मी बघितलं होतं.' बघितलंही असतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून, मान न हलवता, लक्ष्मी रस्त्यावर बघायची सवय असते तसं. परीक्षकाला मात्र क्रम दिसावा लागतो : आधी मधला आरसा, मग ज्या बाजूला जायचं तिकडचा, मग इंडिकेटर, मग वळण. वेग कमी करण्याआधी आणि वाढवण्याआधीही आरसा. कडेवरून निघताना सहाही बाजू, शेवटी उजव्या खांद्यावरून मागे, कारण आरशांना न दिसणारा पट्टा तिथेच असतो. बरेच जण परीक्षेपुरती मान जोरजोरात हलवतात, आणि त्याने पास होताही येतं. मला तो मार्ग पटत नाही. मान हलवून काय मिळवायचं ते समजलं असेल तर ती आपोआप हलते. मागे काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय ब्रेकसुद्धा किती जोरात दाबावा हे ठरवता येत नाही. आपल्याकडे ते मागचा सांगतो, इथे कुणीच सांगणार नाही.

हेच गोल चौकांनाही लागू. ब्रिटनमध्ये १९६६ पासून नियम आहे : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सरळ जायचं तर शिरताना इंडिकेटर नाही, आपल्या आधीचा फाटा ओलांडला की डावा इंडिकेटर. उजवीकडे जायचं तर उजवी लेन, उजवा इंडिकेटर, आणि बाहेर पडण्याआधी मधला आरसा, डावा आरसा, डावा इंडिकेटर. रस्त्यावर नुसता पांढरा ठिपका रंगवलेला छोटा चौकही चौकच असतो, त्यावरून आरपार जायचं नाही. स्विंडनचा मॅजिक राउंडअबाउट हा गोल चौक वाहतूक अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी १९७२ मध्ये आखला. मधल्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं, बाहेरची वाहतूक घड्याळाच्या दिशेने आणि आतली उलट. नकाशा बघून छातीत धस्स होतं. प्रत्यक्षात मात्र एका वेळी एकच छोटं वर्तुळ समोर असतं : उजवीकडे बघ, जागा असेल तर जा, पुढच्या वर्तुळाशी पुन्हा तेच. तिथे मुंबईकर-गोंयकार लवकर सरावतात असं मला वाटतं, कारण दुसऱ्याच्या चाकांवरून त्याचा मनसुबा ओळखण्याची कला त्यांच्याकडे भरपूर असते. ती वाया जात नाही. फाट्याशी मात्र उलट चूक होते. हिंमत करून शिरायची सवय मोडताना माणूस इतका भित्रा होतो की पुरेशी जागा असूनही थांबून राहतो. विनाकारण थांबणं हीसुद्धा परीक्षेत चूकच.

परीक्षा ऑटोमॅटिक गाडीत द्यावी की मॅन्युअल, हा प्रश्न नीट विचार करून सोडवावा. भारतीय एलएमव्ही लायसन्सवर दोन्ही चालतात. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालात तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. म्हणजे बारा महिने मॅन्युअल चालवलेल्याला पास झाल्यावर, भारतीय लायसन्सची मुदत सरली की, तीच गाडी चालवता येत नाही. घरची गाडी मॅन्युअल असेल तर परीक्षाही मॅन्युअल द्यावी, क्लचची सवय आहेच.

विम्याचं ओझं सगळ्यांना जाणवतं. भारतीय लायसन्सवर हप्ता बराच जास्त येतो, आणि भारतातली बिनदाव्याची वर्षं बहुतेक कंपन्या धरत नाहीत. फॉर्मवर लायसन्सचा प्रकार आणि राहायला आल्याची तारीख जशी आहे तशीच लिहावी. हप्ता कमी व्हावा म्हणून 'पूर्ण ब्रिटिश' निवडलं तर अपघाताच्या दिवशी विमा नसल्यासारखाच असतो. पास झाल्यावर कंपनीला लगेच कळवावं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मुलाची गाडी चालवावीशी वाटली तर पाहुणे म्हणून त्यांचं भारतीय लायसन्स चालतं, मात्र त्यांचं नाव आधी विम्यात घालून घ्यायचं. सत्तरीच्या वडिलांसाठी तो हप्ता बघूनच बेत रद्द होतो, आणि त्यांना वाटतं की मुलाला आपल्या चालवण्यावर भरवसा नाही. तेव्हा कंपनीने पाठवलेला आकडा त्यांना सरळ दाखवावा.

परीक्षा पास होऊन ब्रिटिश कार्ड आलं तरी भारतीय कार्ड कुणी काढून घेत नाही, कारण इथे बदली झालेली नसते, दुसरी परीक्षा झालेली असते. दोन्ही जपून ठेवायची. सुट्टीत घरी गेल्यावर भावाची गाडी चालवायला महाराष्ट्राचंच कार्ड लागणार, आणि त्याची मुदत परदेशात बसून हमखास विसरली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते मुदतीच्या एक वर्ष आधीपासून ते एक वर्ष नंतरपर्यंत नूतनीकरण करता येतं. त्यापुढे गेलं की आरटीओत परीक्षाही पुन्हा द्यावी लागते. तारीख फोनमध्ये टाकून ठेवावी आणि त्याच्या आदल्या दिवाळीच्या सुट्टीतच काम उरकावं. चाळिशी ओलांडली असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, तेवढा एक दिवस हाताशी धरून तिकीट काढावं.